मागच्या दारी लाकूड की दगड? इंग्लंडमधल्या एका निवडीची पार्श्वभूमी

घर घेतलं तेव्हा मागच्या बागेत आधीच्या मालकांनी केलेलं डेकिंग, म्हणजे लाकडी फळ्यांची बैठक, होतं. त्याला वीस-बावीस वर्षं झालेली. यंदा फळ्या पायाखाली दबायला लागल्या, म्हणून सगळं उचकटून बसायची जागा थोडी वाढवायची असं ठरलं. मग इंग्लंडमधल्या घराघरांत होणारी चर्चा आमच्याकडेही सुरू झाली: पुन्हा डेकिंग करायचं की पेव्हिंग, म्हणजे दगडी फरसबंदी? आई तेव्हा पुण्याहून आलेली होती. नमुन्याचा दगड तिने हातात घेतला, उलटा केला, त्याची खरबरीत कड बोटाने चाचपली आणि म्हणाली, "अरे, हा आपल्याकडचाच दिसतोय." खाली चिकटवलेल्या कागदावर भारताचं नाव होतंच.

दगड भारतातून येतो हे ऐकून माहीत होतं. लाकडाचा धागा देहरादूनला जाऊन पोचतो हे मात्र नंतर वाचताना कळलं, आणि तेव्हापासून ही निवड मला नुसती आवडीनिवडीची वाटेनाशी झाली.

डेक हा मुळात जहाजावरचा शब्द. तो घरामागे आला अमेरिकेत, आणि त्याचा चेहरामोहरा ठरला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात. थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ साली सोनोमा भागात डॉनेल कुटुंबासाठी केलेली बाग आजही दाखल्यादाखल सांगितली जाते. तिथे त्याने जुनी ओकची झाडं न तोडता त्यांच्या बुंध्यांभोवती जागा सोडून लाकडी डेक बांधला. उताराची जमीन सपाट करत बसायला नको, मुळांना धक्का नको, खांब रोवले की झालं. पण त्या डेकमागे दोन गोष्टींचा आधार होता: कोरडा लांबलचक उन्हाळा, आणि सहजासहजी न कुजणारं तिथलं रेडवूड. साधं पाइन असं उघड्यावर टाकलं तर काही वर्षांत भुसभुशीत होतं.

ही अडचण ज्या शोधाने सुटली तो भारतातला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोन्ती कामेसम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक द्रावण तयार केलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला आणि किड्यांना, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाच्या धाग्यात असं पकडून ठेवतं की पावसात ती सहज धुऊन जात नाहीत. लाकूड बंद टाकीत ठेवायचं, त्यातली हवा ओढून घ्यायची आणि मग दाब देऊन द्रावण आत घुसवायचं. वाळवी आणि पावसाळा दोन्ही असलेल्या देशात खांब आणि रेल्वेचे स्लीपर टिकवणं ही मोठी गरज होती. पण १९७० नंतर अमेरिकेत घराबाहेर वापरायचं बहुतेक लाकूड याच पद्धतीने मुरवलेलं असे. स्वस्त पाइन टिकाऊ झालं आणि डेक साध्या घरांच्या आवाक्यात आला. कामेसम यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी भेटलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

पुढे आर्सेनिकचीच भीती उभी राहिली, कारण त्याच फळ्यांवर मुलं रांगत होती. २००४ पासून अमेरिकेत आणि युरोपात घरगुती वापराच्या लाकडासाठी हे द्रावण बंद झालं. आता तांब्याची, आर्सेनिकविरहित द्रावणं वापरतात. आमच्या जुन्या फळ्या कापल्या तेव्हा आतल्या कडेला फिकट हिरवी झाक दिसली. ती तांब्याची. नुसत्या रंगावरून आर्सेनिक आहे की नाही ते कळत नाही, म्हणून इतकं जुनं लाकूड शेकोटीत किंवा बार्बेक्यूत चुकूनही घालू नये. आर्सेनिक असेल तर ते धुरात आणि राखेत उतरतं. आम्ही ते नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर मुरवलेल्या लाकडाच्या ढिगात नेऊन टाकलं.

ब्रिटनमध्ये डेकिंगचं वारं शिरलं नव्वदीच्या दशकात. १९९७ ते २००५ या काळात बीबीसीवर ‘ग्राउंड फोर्स’ नावाचा बागेचा कायापालट करणारा कार्यक्रम चाले. दोन-तीन दिवसांत उजाड परसाचं बैठकीत रूपांतर व्हायचं, आणि इतक्या घाईत उरकणारं काम म्हणजे डेकिंग. लोकांनी ते उचललं. पण इथली हवा कॅलिफोर्नियाची नाही. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या बाजूला फळ्यांवर शेवाळ धरतं आणि ऑक्टोबरपासून पाय सटकायला लागतात. खालच्या पोकळीत उंदीर घर करतात, ही तक्रारही नेहमीची. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या कॉम्पोझिट फळ्या आल्या त्या यावरचा उपाय म्हणून. त्या कुजत नाहीत, पण उन्हात चांगल्याच तापतात.

दगडाची परंपरा इथे फार जुनी. यॉर्कशायरचा वालुकाश्म, म्हणजे यॉर्क स्टोन, गावोगावच्या पदपथांना वापरला गेला. परवडेनासा झाला तेव्हा त्याचे तुकडे जोडून केलेलं क्रेझी पेव्हिंग आलं, मग काँक्रीटच्या लाद्या आल्या. आणि नव्वदीनंतर राजस्थानचा वालुकाश्म आला, मुख्यतः बुंदी, कोटा या पट्ट्यातला. विंध्य पर्वतरांगेचा हा दगड थरांनी बनलेला. कडेला ओळीने छिन्न्या ठोकत गेलं की तो पानासारखा सुटतो, म्हणून त्याची पातळ, सलग लादी निघते. इथे तो साधारण २२ मिलिमीटर जाडीचा विकतात. ‘राज ग्रीन’, ‘कांडला ग्रे’ अशी नावं वाचून गंमत वाटते. कांडला हे कच्छमधलं बंदर, खाण नव्हे. काही लाद्यांवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती जीवाश्म म्हणून खपवतात. प्रत्यक्षात ती दगडाच्या फटीत झिरपलेल्या मँगनीज आणि लोहाच्या खनिजांची.

आईला तो ओळखीचा वाटला तो आमच्या जुन्या घरच्या अंगणामुळे. तिथे मात्र शहाबादी होती, म्हणजे चुनखडक, आणि तीही महाराष्ट्राची नव्हे. सह्याद्रीचा काळा पाषाण घडवता येतो, पण त्याच्या लाद्या सुटत नाहीत. मुंबई-रायचूर रेल्वेमार्ग १८७१ साली पुरा झाला आणि त्यावरच्या शहाबादहून फरशी आपल्याकडे येणं सोपं झालं. अंगणातला दगड दूरवरून येणं आपल्यालाही नवं नाही.

फरक आहे तो धुळीचा. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिका. तो फोडताना, कापताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत साचली की सिलिकोसिस होतो, आणि त्याने खराब झालेलं फुप्फुस पुन्हा बरं होत नाही. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा भागात चौकोनी ठोकळे हाताने घडवण्याच्या कामात बायकांबरोबर लहान मुलंही बसलेली आढळली होती. राजस्थान सरकारने या आजारासाठी २०१९ साली स्वतंत्र धोरण आणलं, मदतीची रक्कम ठरवली. पण आजारी पडल्यावरची मदत आणि कापताना पाणी मारून धूळ दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चौरस मीटर लादी इतकी स्वस्त कशी मिळते, आणि ती नेमक्या कोणत्या खाणीतून आली, हे विक्रेत्याला विचारायलाच हवं. मी तिघांना विचारलं. एकानेच खाणीचं नाव सांगितलं.

पाण्याचा मुद्दा शेवटी आला, पण आमच्यापुरता निर्णय त्यानेच झाला. २००७च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठे पूर आले. सर मायकेल पिट यांच्या समितीने इतर कारणांबरोबर घरापुढच्या बागा फरशीने बुजवण्याकडेही बोट दाखवलं. १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये पुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करायची आणि ते पाणी रस्त्याकडे सोडायचं तर परवानगी लागते. मागच्या बागेला नियम सैल आहेत. डेक जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत असला आणि बागेचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला नाही, तर सहसा परवानगी लागत नाही. पण पाणी मुरायला जमीन पुढे काय, मागे काय, सारखीच लागते.

आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर डेकिंगशेजारी आधीच्या कुणी गवंड्याने घातलेला राजस्थानी दगडाचा एक पट्टा होता. ओल चढू नये म्हणून भिंतीत जो डीपीसीचा पट्टा असतो, त्याच्या किमान १५ सेंटिमीटर खाली फरशी हवी. ती त्याच्या बरोबरीला होती, आणि आतल्या भिंतीला दर हिवाळ्यात पोपडे धरत होते. म्हणून नवीन दगड घेण्याआधी तोच पट्टा उचलला, खाली खोदलं, खडीचा थर दाबला आणि जुन्याच लाद्या घराकडून बागेकडे ढाळ देऊन पुन्हा बसवल्या. वाढवायच्या भागासाठी त्या खाणीचं नाव सांगणाऱ्याकडून थोड्या लाद्या आणल्या. लाकूड फक्त कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या झाडाखाली ठेवलं, कारण तिथे खोदलं असतं तर मुळं तुटली असती.

लाद्यांमधल्या दरजा भरून वाळल्यावर आईने दाराशी तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभी राहिली. गवताकडे गेलं. एका लादीपाशी मात्र थोडं अडलं. ती गवंड्याने दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा बसवली.