बोट-ट्रेलरवरील तळाचे आधार

बोट ट्रेलरवर असताना तिच्या तळाचे वजन पेलणारे पाट, रोलर आणि टेकू यांना तळाचे आधार म्हणतात. पाणी बोटीला बुडालेल्या सगळ्या तळाखालून उचलून धरते; ट्रेलरवर तेच वजन मोजक्या जागांवर येते. समुद्रापासून दूर असलेल्या ग्वाल्हेरसारख्या गावी बोटीचे थोडेच दिवस पाण्यात जातात, बाकी सगळा काळ ती ट्रेलरवरच असते. त्यामुळे इथे आधारांची निवड समुद्रकाठापेक्षा जास्त जपून करायला हवी.

आधार मुख्यतः दोन प्रकारचे. पाट, ज्यांना बाजारात ‘बंक’ म्हणतात, ते लाकडाचे लांब पट्टे असतात आणि त्यांवर गालिच्याचे कापड किंवा गुळगुळीत प्लॅस्टिक बसवतात. रोलर रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे असतात आणि बोट त्यांवरून घरंगळत पाण्यात उतरते. दोहोंतला फरक हिशेबात स्पष्ट दिसतो. इंजिनासह 600 किलोची बोट अडीच मीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद अशा दोन पाटांवर नीट बसली, तर 4,500 चौरस सेंटिमीटर जागेवर तिचा भार सरासरी 0.13 किलो प्रति चौरस सेंटिमीटर पडतो. तीच बोट 12 रोलरवर ठेवली की एकेका रोलरवर 50 किलो येतात. रोलरचा तळाला टेकणारा भाग 10 चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब 5 किलो होतो, म्हणजे तिसांहून अधिक पट. खड्ड्यातून चाक आदळले की क्षणभर तो आणखी वाढतो. पातळ फायबरग्लासच्या तळाला खळगे पडतात ते यामुळेच.

पाट की रोलर, यापेक्षाही आधार कुठे टेकतो हे महत्त्वाचे. फायबरच्या बोटीत तळाच्या आतून लांबीच्या दिशेने मजबूत कण्या गेलेल्या असतात. पाट त्यांच्या बरोबर खाली आला पाहिजे. दोन कण्यांच्या मधला तळ पातळ असतो, तिथे पाट दिला तर तो आत दबतो. कण्यांची जागा बाहेरून दिसत नाही. म्हणून बोटीच्या आत उतरून, मध्यरेषेपासून कणीपर्यंतचे अंतर टेपने पुढे, मध्ये आणि मागे असे तीन ठिकाणी घ्यावे आणि ते कागद घेऊनच ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वेल्डरकडे जावे. आपल्याकडचे फॅब्रिकेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उत्तम बनवतात. पण ट्रॉलीचा माल कुठेही टेकला तरी चालतो आणि बोटीचा तळ तसा चालत नाही, हे त्यांना आधीच सांगावे लागते.

दुसरी अडचणीची जागा म्हणजे मागची उभी पाटी, जिला इंजिन लावतात. 40 अश्वशक्तीचे बाहेरचे इंजिन 70 ते 100 किलोच्या आसपास भरते. पाट या पाटीच्या थेट खालपर्यंत पोचला नाही, तर इंजिनासह मागचा भाग अधांतरी लोंबतो आणि महिन्यांनी पाटीच्या पुढे तळाला बाक येतो. असा तळ पाण्यात बोटीचे तोंड खाली दाबतो, वेग घटतो आणि सुकाणू सरळ राहत नाही. गाडीच्या हुकावर वजन कमी पडते म्हणून बोट पुढे ओढली जाते, तेव्हा हा दोष हमखास होतो. हुकावर एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के भार हवा, हे खरेच. पण तो जुळवायला बोट न हलवता ट्रेलरचा आस सरकवावा.

लाकडी होडीचे वजन तळाच्या मधोमध जाणाऱ्या मुख्य कण्यावरच (‘कील’) घ्यावे. त्यासाठी मधोमध ओळीने रोलर लावतात आणि बाजूचे पाट केवळ तोल राखायला असतात. हवा भरून फुगवायच्या बोटीला रुंद पाट लागतात, तिथे उघडे बोल्ट आणि टोकदार कडा मुळीच नकोत. ॲल्युमिनियमच्या बोटीची गोष्ट वेगळी: किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याच्या क्षारांत भिजवलेले लाकूड ओले असताना ॲल्युमिनियमला खाते, आणि वर चढवलेला गालिचा तीच ओल धरून ठेवतो. अशा बोटीसाठी प्लॅस्टिकची पट्टी उत्तम. कोणत्याही पाटात बोल्टचे डोके लाकडात पुरते बुडवावे.

उतरवण्याचा घाटही निवडीत येतो. ग्वाल्हेरकरांना जवळचे पाणी म्हणजे सांक नदीवरचा तिघरा जलाशय. शहराला तिथूनच पिण्याचे पाणी येते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी बरेच मागे हटते. पाटांवरची बोट तरंगेपर्यंत ट्रेलर खोल न्यावा लागतो. उथळ, चिखलट उतारावर ते जमत नाही, चाके रुततात. तिथे रोलर सरस ठरतात, कारण बोट उथळ पाण्यातच घरंगळते. दूरवरून गाडी ओढत आणली असेल, तर चाकांचे बेअरिंग तापलेले असते आणि थंड पाण्यात गेल्यावर पाणी आत ओढते. रोलरमुळे हेही बऱ्याच अंशी टळते. मात्र रोलरवरून किंवा सिलिकॉन मारलेल्या पाटांवरून बोट अवचित निसटू शकते. विंचचा, म्हणजे बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा, पट्टा पाणी लागेपर्यंत सोडूच नये.

मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो. रबरी रोलर कडक होऊन चिरतात, एकाच जागी दबून चपटे पडतात आणि मग फिरत नाहीत, नुसते घासतात. उन्हाळाभर उभ्या ठेवायच्या बोटीला म्हणूनच पाट बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; रोलर असलेच, तर त्यांच्या जोडीला लांब पाट द्यावेत. पावसाळ्यात तळाचे बूच काढून ठेवावे, कारण साचलेले 100 लिटर पाणी म्हणजे आधारांवर 100 किलो जास्तीचे ओझे.

आधार बरोबर बसले की नाही, हे पहिल्या फेरीनंतर गालिच्यावरून कळते. बोट पाण्यात असताना पाट पाहावेत: ठसा सगळ्या लांबीवर सारखा असेल तर ठीक, एखाद्याच टोकाला कापड चेपून चकाकत असेल, तर तिथला पाट धरणारा कंस (ब्रॅकेट) ढिला करून पाट खाली घ्यावा.