ओटीपी दिला म्हणजे संमती दिली का?

सायन सुटल्यावर कुर्ल्यापर्यंत लेडीज डब्यात हात वर करायलाही जागा नसते. नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. कानात इयरफोन होता म्हणून घेता आला. "आई, तुझ्या मोबाईलवर ओटीपी आला असेल. सांग ना पटकन, दोन मिनिटांत जातो तो."

"कशाचा गं?"

"गणिताच्या ॲपचा. टीचरनी ग्रुपवर लिंक टाकलीय."

मी सहा आकडे मोठ्याने वाचले. शेजारच्या मावशींनाही पाठ झाले असतील. रात्री भांडुपला घरी पोचल्यावर लेकीचं खातं उघडून बघितलं, तर तिच्या नावाखाली हिरवी टिक आणि शेजारी शब्द: 'पालकांची संमती मिळाली'. संमती? मी तर फक्त आकडे वाचले होते.

ओटीपीचं काम अगदी मर्यादित आहे. ज्या नंबरवर तो गेला, तो फोन या घडीला समोरच्याच्या हाताशी आहे, एवढंच त्यातून कळतं. फोन धरणारा मोठा माणूस आहे की सहावीतली मुलगी, आई आहे की शेजारीण, हे कळत नाही. आमच्याकडे माझ्या फोनचा पिन माझ्यापेक्षा लेकीच्या बोटांना जास्त सवयीचा आहे. मी घरी असते तर तिने मला विचारलंही नसतं.

संमती कशी असते हे शाळेला पूर्वीपासून ठाऊक आहे. सहलीचं संमतीपत्र आठवा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाणार, बस किती वाजता सुटणार, परत कधी, पैसे किती, डबा आणायचा की नाही, सगळं लिहिलेलं असतं आणि खाली पालकांची सही. वाचून "नको, तिला बस लागते" असं म्हणायची मुभा असते. आणि ते पत्र त्याच सहलीपुरतं. पुढच्या महिन्यात राणीच्या बागेत न्यायचं तर शाळा नवं पत्र पाठवते, जुनी सही चालवून घेत नाही.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संमतीबद्दल जवळपास हेच म्हणतो: ती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कारणासाठी हवी, माहिती घेऊन दिलेली हवी. कोणता डेटा आणि कशासाठी, याची सूचना आधी द्यायची, आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. म्हणजे मराठीतसुद्धा. माझ्या त्या ॲपमधली सूचना इंग्रजीत होती, बारीक अक्षरात, आणि ती उघडायची लिंक ओटीपीच्या चौकटीखाली राखाडी रंगात लपलेली. मी नंतर शोधली तेव्हा सापडली.

या कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. अमेरिकेतल्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यात ही रेघ १३ वर आहे. आपल्याकडे, दादरच्या क्लासला एकटा लोकलने जाणारा, बारावीतला सतरा वर्षांचा मुलगाही मूलच, आणि त्याच्याही डेटासाठी पालकांची संमती लागणार. हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं, पण ते असो.

मुलांच्या बाबतीत कायदा 'पडताळणीयोग्य संमती' मागतो. घोळ या जोडशब्दात आहे. पडताळणी वेगळी, संमती वेगळी. ॲपवाले पहिला शब्द उचलतात आणि दुसरा त्यातच आला असं धरून चालतात. गंमत म्हणजे नुसत्या ओटीपीने पहिलाही पुरता होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनुसार, स्वतःला पालक म्हणवणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते, याची खात्री ॲपने करायची आहे. ॲपकडे तुमची ओळख आणि वय यांचा विश्वासार्ह तपशील आधीच असेल तर त्यावरून, किंवा तुम्ही तो द्याल त्यावरून, किंवा डिजिलॉकरसारख्या, म्हणजे कागदपत्रं डिजिटल ठेवायच्या सरकारी सेवेतून मिळालेल्या टोकनवरून, म्हणजे ओळख-वयाच्या डिजिटल खुणेवरून. यात मूल आणि मोठा माणूस यांचं नातं तपासायची सोय मात्र दिसत नाही. समोरच्या खोलीतली काकूही त्या चाळणीतून आरामात सुटेल. ही मुख्य कलमं लागू व्हायला नियमांनी १८ महिने दिले आहेत, म्हणजे २०२७ च्या मेपर्यंत. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

बँकेचा ओटीपी आणि ॲपचा ओटीपी शेजारी ठेवून बघा. बँकेच्या मेसेजमध्ये बहुधा रक्कम असते, दुकानाचं नाव असतं आणि 'कुणालाही सांगू नका' असतं. कशाला हो म्हणतोय ते निदान कळतं. माझ्या फोनवर आलेल्या मेसेजमध्ये सहा आकडे आणि ॲपचं नाव, बस्स. लेकीचा आवाज रेकॉर्ड होणार का, तिची चुकलेली उत्तरं कुठे साठणार, कोण बघणार, याचा मागमूसही नव्हता.

"पण टीचरनी सांगितलंय!" हा लेकीचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला कायद्याची बंदी आहे, पण शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती काही सूट मिळते. हजेरी, प्रगती, चाचणीतले गुण यांचा माग ठेवता येतो. मात्र ती सूट त्या कामापुरतीच. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली म्हणजे माझ्या वतीने सही झाली, असं त्यातून निघत नाही.

आणखी एक फरक मला उशिरा कळला. वापरलेला ओटीपी संपतो, तो परत घेता येत नाही. संमती परत घेता येते, आणि कायद्याप्रमाणे ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. मागे घेतली की, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितला नसेल, तर डेटा पुसायचा. मी आधी फोनवरून ॲपच काढून टाकलं आणि सुटले म्हणून हुश्श केलं. चूक. त्याने फोनवरचा चौकोन गेला, त्यांच्या सर्व्हरवरचं खातं तसंच राहिलं.

शेवटी त्यांच्या तक्रारीच्या ईमेलवर मराठीत चार ओळी लिहिल्या: मुलीच्या नावाचं खातं बंद करा, जमा केलेला डेटा पुसा, पुसल्याचं कळवा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुन्हा सायन-कुर्ल्याच्या मध्येच, मेसेज आला: खातं कायमचं काढून टाकण्यासाठी हा ओटीपी वापरा.

यावेळी कशासाठी ते लिहिलेलं होतं. आकडे मी कुणाला ऐकू जाणार नाहीत असे, कुर्ल्याला दारापाशी जागा झाल्यावर स्वतःच टाकले.