प्रोपेलरची निवड (लहान मोटरबोट)

बोटीच्या मागच्या फळीवर अडकवलेल्या आउटबोर्ड मोटरची ताकद पाण्यात उतरवणारा पंखा म्हणजे प्रोपेलर. मोटर तीच ठेवून नुसता पंखा बदलला तरी बोटीची ओढ, वेग आणि पेट्रोलचा खर्च बदलतो. विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर ढीवरांचा डोंगा वल्ह्यावर किंवा बांबूवर चालतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. तो येतो गोसीखुर्दसारख्या मोठ्या जलाशयावर आणि पुरात उतरणाऱ्या बचाव पथकांच्या रबरी बोटींना.

पंख्याचे माप दोन आकड्यांत सांगतात, उदाहरणार्थ ९¼ × ९. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर म्हणजे पिच. प्रत्यक्षात पाणी सरकते, त्यामुळे बोट तेवढी पुढे जात नाही. या तुटीला स्लिप म्हणतात. मोटरचे मिनिटाला ५,५०० फेरे, गिअर २.०८ : १ (मोटरच्या २.०८ फेऱ्यांमागे पंख्याचा एक फेरा) आणि पिच ९ इंच असेल तर कागदावर वेग तासाला सुमारे ३६ किलोमीटर येतो. दहा-एक अश्वशक्तीच्या मोटरवर सात-आठ माणसे बसलेली जड बोट त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. दुकानात पिच पाहून वेगाचा अंदाज बांधणे म्हणूनच व्यर्थ.

खरी कसोटी फेऱ्यांची. नेहमीची माणसे, जाळी, पेट्रोलची टाकी असे सगळे वजन घेऊन थ्रॉटल (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण उघडायचा आणि फेरे मोजणारा टॅकोमीटर पाहायचा. लहान मोटरला तो नसतो. स्पार्क प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा स्वस्त मीटर मिळतो. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची मर्यादा दिलेली असते, बऱ्याच लहान मोटरींची ५,००० ते ६,०००. फेरे त्याखाली राहिले तर मोटर ओझ्याने दबते आहे, पिच कमी हवा. वर गेले तर पिच वाढवावा. १ इंच पिचमागे साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो, लहान मोटरीत जास्तही. रिकाम्या बोटीवर चाचणी घेऊन पंखा पसंत करणे ही सर्रास होणारी चूक आहे: एकट्या चालकाला बोट पळताना दिसते आणि माणसे बसली की मोटर घुसमटते. आपल्याकडच्या वापराला, म्हणजे ओझे जास्त आणि घाई कमी, लहान पिचचाच पंखा बहुधा योग्य ठरतो. मे महिन्याच्या ४५ अंशांत हवा विरळ होऊन मोटरची ताकद काहीशी उतरते. हिवाळ्यात जेमतेम बसलेला पंखा तेव्हा जड वाटू लागतो.

पात्यांची संख्या हा त्यामानाने किरकोळ मुद्दा. तीन पाती सर्वसाधारण कामाला पुरतात; चौथ्याने पकड वाढते, कमाल वेग थोडा घटतो.

धातूचा विचार मात्र पाणी पाहून करावा. धरणाच्या बुडित क्षेत्रात पाणी उतरले की झाडांची खोडे आणि जुने बांध वर येतात. वैनगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात रेती लागते. स्टेनलेस स्टीलचे पाते सहज वाकत नाही, पण ठोकर थेट गिअरपर्यंत जाण्याचा धोका वाढतो, शिवाय किंमत मोठी. अ‍ॅल्युमिनियमचे वाकते, तुटते, बारीक खाचा कानसीने घासून काढता येतात. अशा पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच बरे. ठोकर झेलायला काही मोटरींत शिअर पिन, म्हणजे ठोकर बसली की आधी स्वतः तुटणारी पिन, असते, तर काहींत पंख्याच्या आतले रबरी बुश घसरते. पिन तुटली की तिच्या जागी खिळा ठोकणारे असतात. पुढच्या ठोकरीला खिळा तुटत नाही, गिअर जातो. बुश घसरू लागले की मोटर किंचाळते आणि बोट मात्र रेंगाळते, तेव्हा दोष पिचला देऊ नये. जलकुंभी गुंडाळली तरी बोट अशीच मंदावते; मोटर बंद करून, वर उचलून ती सोडवावी.

बचावाच्या बोटीवर पंख्याभोवती जाळी बसवतात, कारण पाण्यातला माणूस पात्याजवळ येऊ शकतो. जाळीने ओढ घटते, म्हणून चाचणी जाळीसकटच घ्यावी. राखीव पंखा, शिअर पिना, नट सुटू न देणाऱ्या कॉटर पिना आणि नटाला बसणारा पाना बोटीतच ठेवावेत.