पाण्यातले आटे : बास बोटीचा वेग कुठे दडलेला असतो?

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गंटर्सव्हिल सरोवरावर, बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर उजाडायच्या आधीच बोटींची रांग लागते. टेनेसी नदीवरचं इथलं धरण 1939 साली पूर्ण झालं आणि सुमारे 28 हजार हेक्टर पाणी अडलं. आज बास माशासाठी हे सरोवर अमेरिकाभर ओळखलं जातं. मी इथून जवळच, हंट्सव्हिलला राहतो. माझ्या शेजाऱ्याची बास बोट आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचा वेग वाढवायची त्याची खटपट चालली होती आणि वही-पेन्सिल माझ्या हातात होती.

बास बोट म्हणजे फायबरग्लासची, वीस-एकवीस फुटांची बसकी बोट. तिच्या मागच्या फळीला 250 हॉर्सपॉवरची मोटर टांगलेली असते. मासेमारीला एवढा वेग कशाला, असं मलाही आधी वाटायचं. उत्तर स्पर्धेच्या घड्याळात आहे. सकाळी सुटायची वेळ ठरलेली असते आणि मासे वजनाला घेऊन परतायचीही. मनातली जागा तीस किलोमीटरवर असली, तर वाटेत वाचलेलं प्रत्येक मिनिट गळ टाकायला मिळतं.

शेजाऱ्याची बोट जीपीएसवर ताशी 110 किलोमीटरच्या पुढे जाईना. मोटर कमी पडते, असं पहिल्यांदा मनात येतंच. पण किती हॉर्सपॉवरपर्यंतची मोटर लावायची, हे बोटीच्या कारखान्यानेच ठरवून दिलेलं असतं आणि ती मर्यादा गाठलेली होती. म्हणजे आहे त्या ताकदीतून जास्त वेग काढायचा होता. ही ताकद पाण्याला जिथे भिडते ती जागा एकच, मागचा पंखा. म्हणून सुरुवात तिथून केली.

लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो किती आत जातो, हे त्याच्या आट्यांमधल्या अंतरावर ठरतं. बोटीचा पंखाही मुळात स्क्रूच आहे. त्याच्या आट्यांचे फक्त तीन-चार तुकडे ठेवलेत, त्यांना आपण पाती म्हणतो. एका फेऱ्यात पंख्याने जेवढं पुढे जायला हवं, त्या अंतराला पिच म्हणतात आणि ते इंचांत मोजतात. आमच्या पंख्यावर 25 चा आकडा कोरलेला होता, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर.

आता हिशेब सोपा आहे. पूर्ण थ्रॉटलला मोटर मिनिटाला 5,800 फेरे घेत होती. खालच्या गिअरकेसमध्ये मोटरच्या पावणेदोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा पडतो, म्हणून पंखा मिनिटाला सुमारे 3,314 वेळा फिरत होता. त्याला पिचने गुणलं की मिनिटाला 2,104 मीटर येतात, म्हणजेच ताशी 126 किलोमीटर. प्रत्यक्षात मिळत होते 110. मधले तेरा टक्के गेले कुठे?

पाणी लाकडासारखं घट्ट नाही. पात्याने रेटलं की ते मागे सरकतं आणि स्क्रूची पकड थोडी सुटते. यालाच स्लिप म्हणतात. माझं मत इथेच बदललं. मी स्लिपला निव्वळ नासाडी समजत होतो. पण पातं हे विमानाच्या पंखासारखं काम करतं. समोरून येणाऱ्या पाण्याशी त्याचा थोडा कोन असेल तरच ते पाणी मागे ढकलतं आणि बोट पुढे जाते. स्लिप शून्य म्हणजे तो कोनही शून्य आणि सामान्य पात्याचा रेटाही जवळजवळ शून्य. त्यामुळे स्लिप संपवायची नसते, गरजेपुरती राखायची असते. चांगल्या जुळणीच्या बास बोटीत ती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास उतरते.

मग पिचच का वाढवू नये? एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणजे जास्त वेग. आम्हीही तेच करून पाहिलं. कुणाकडून तरी 27 पिचचा पंखा उसना आणला. पंखा बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण ते निगुतीने करावं लागतं. इग्निशन बंद करून किल्ली खिशात टाकली. पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, म्हणजे नट सोडताना पंखा फिरत नाही आणि बोटंही कापत नाहीत. मोठ्या पान्याने नट सोडला, पंखा ओढून काढला, तर मागच्या दांड्यावर मासेमारीची नायलॉनची दोरी केसांच्या गुंत्यासारखी गुंडाळलेली! हीच दोरी हळूहळू ऑइल सील कापत जाते. मग गिअरकेसमध्ये पाणी शिरतं आणि आतलं तेल दुधाळ होतं. आमचं तेल दुधाळ व्हायच्या बेतात होतं. पंखा बदलायला गेलो म्हणून गिअर वाचले. त्या दिवसापासून महिन्यातून एकदा पंखा काढून बघायचाच, असं ठरलं.

नवा सील बसवला, दांड्याला ग्रीस लावलं, 27 चा पंखा चढवला आणि पाण्यात उतरलो. मोटर 5,400 वर अडली. वेग 109. पिच दोन इंचांनी वाढवूनही एक किलोमीटर गेलाच. फेरे कमी झाल्यामुळे कागदावरचा वेगसुद्धा 126 वरून जेमतेम 127 झाला होता आणि स्लिप वाढून चौदा टक्के झाली होती. शिवाय जागेवरून उठताना बोट धापा टाकत होती. मोटरला तिची पूर्ण ताकद ठराविक फेऱ्यांवरच मिळते. आमच्या मोटरची हद्द 5,200 ते 6,000 आहे आणि पूर्ण थ्रॉटलला तिने वरच्या टोकाजवळ पोचलं पाहिजे. पिच एका इंचाने वाढली की साधारण 150 ते 200 फेरे कमी होतात, हा बोटवाल्यांचा जुना अंदाज आमच्याकडे तंतोतंत खरा ठरला. उलट बाजूला जाऊन पिच फार कमी केली, तर मोटर हद्द ओलांडायला बघते आणि तिचा लिमिटर तिला मागे खेचतो. मालवण-तारकर्लीला पर्यटकांनी भरलेल्या बोटीला वेगाची गरज नसते, ओझं ओढायची असते. तिथे कमी पिचच योग्य.

25 चा पंखा परत चढला आणि लक्ष मोटरच्या उंचीकडे वळलं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत रंजक भाग हाच. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड आहे. पूर्ण वेगात बोट जवळजवळ हवेत असते, फक्त मागचा अरुंद सपाट पट्टा पाण्याला टेकलेला असतो. पण मोटरचा खालचा भाग, तो गिअरकेस, पाण्यात नांगरासारखा ओढला जातो. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट आणि तो विरोध तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणून मोटर वर उचलून हा भाग जमेल तेवढा पाण्याबाहेर काढला, की वाचलेली ताकद वेगाच्या कामी येते.

मोटर आणि बोट यांच्यामध्ये जॅक प्लेट नावाचा सरकता सांगाडा बसवलेला असतो. त्याने मोटर वर-खाली करता येते, शिवाय ती मागच्या फळीपासून थोडी दूरही राहते. तळ सोडून गेलेलं पाणी मागे वर उसळतं, त्यामुळे दूरची मोटर आणखी उंच ठेवली तरी पंख्याला पाणी मिळतं. आम्ही दर खेपेला सहा मिलिमीटर उचलत गेलो. प्रत्येक उंचीला दोन्ही दिशांनी धाव, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो, आणि दोन आकड्यांची सरासरी. चौथ्या खेपेला फेरे 5,950 आणि वेग 115. स्लिप तेरावरून अकरावर आली होती.

पाचव्या खेपेला वळताना मोटर एकदम किंचाळली, फेरे लिमिटरला जाऊन आपटले आणि रेटा नाहीसा झाला. पंख्याने पृष्ठभागावरची हवा ओढून घेतली होती. बोटवाले याला सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा नसतेच. पात्याच्या एका अंगाला दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही तिथेच उकळतं. हवेच्या दाबाच्या साधारण तिसाव्या भागाइतका दाब उरला, तर 25 अंशांचं पाणीसुद्धा उकळू लागतं. ते बुडबुडे फुटताना धातूचे कण उडवतात आणि पात्यावर खड्डे पडतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजाला 1894 मध्ये याचाच फटका बसला. टर्बाइन जोरदार होतं, पण एकटा पंखा भलत्याच वेगाने फिरून पाण्यात पोकळ्या करत होता. पार्सन्सनी छोट्या टाकीत पंखा फिरवून त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या आणि एका दांड्याच्या जागी तीन दांडे, प्रत्येकावर तीन पंखे बसवले. 1897 मध्ये स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात हेच जहाज सुमारे 34 नॉट, म्हणजे ताशी 63 किलोमीटर वेगाने सगळ्यांच्या नाकासमोरून निघून गेलं.

आमच्याकडे हवा शिरली, त्याच क्षणी मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबाचा काटाही खाली आला होता. हे पाणी गिअरकेसवरच्या भोकांतून आत जातं. ती भोकं पाण्याबाहेर आली, तर वेगाच्या नादात मोटर जळते. काटा पडला की मागे यायचं, यात तडजोड नाही. एक पायरी खाली उतरलो.

वेगातले शेवटचे दोन-तीन किलोमीटर ट्रिमवर, म्हणजे मोटरच्या कलावर असतात. मोटरचा कोन बाहेर काढला की बोटीची नाळ वर उठते आणि ओला तळ आणखी कमी होतो. पण त्या अरुंद पट्ट्यावर बोट डावी-उजवीकडे झुलू लागते आणि हा झोल वाढत जातो. तेव्हा थ्रॉटल हळूच कमी करून ट्रिम आत घ्यावा लागतो. या वेगात पाण्यात फेकलं जाणं जिवावर बेतू शकतं. माणूस पडला की मोटर बंद करणारी दोरी 26 फुटांखालच्या बोटींवर अडकवणं अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून कायद्याने बंधनकारक आहे. शेजारी ती जाकिटाला अडकवल्याशिवाय किल्ली फिरवत नाही आणि मला हे फार आवडतं.

115 चा आकडा अर्धी टाकी आणि रिकाम्या बोटीचा होता. स्पर्धेच्या दिवशी दोन माणसं असतात, गळांच्या पेट्या असतात आणि मासे जिवंत ठेवायच्या टाकीत शंभरेक लिटर, म्हणजे शंभर किलो पाणी. ते सगळं भरून आम्ही ऑगस्टच्या दमट दुपारी पुन्हा धावलो, जेव्हा हवा विरळ असते आणि मोटरचीही ताकद थोडी उतरलेली असते. फेरे 5,800, वेग 111. शेजाऱ्याने माझ्या हातून पेन्सिल घेतली, 115 कंसात टाकले आणि 111 खाली दोन रेघा ओढल्या.