तापमानाचा आकडा स्क्रीनवर येतो कुठून?

मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार ठरलेली असते: ‘प्रोसेसर तापतोय, आकडा लाल झालाय.’ मग प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली जाते, पंखा बदलला जातो, कधी तर मदरबोर्डही. पुष्कळदा मशीन खरंच तापलेलं असतं. पण कित्येकदा नुसता आकडाच चुकलेला असतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे मात्र खरे जातात. हे टाळायचं तर तो आकडा तयार कसा होतो, हे समजून घ्यायला हवं. एक सेन्सर, त्याचं व्होल्टेज मोजणारी एक चिप आणि त्या मोजमापाचा अर्थ लावणारा एक प्रोग्राम, असे तिघं मिळून तो बनवतात. तिघांचा जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कंपन्यांत झाला. त्यांचं एकमेकांशी कधीच पूर्ण जुळलं नाही.

सुरुवातीच्या पीसीत तापमान मोजायची गरजच नव्हती. 8088 किंवा 386 प्रोसेसर हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याशिवाय, बिनघोर चालायचे. 486 च्या वेगवान आवृत्त्यांवर हीटसिंक दिसू लागला, आणि 1993 मध्ये पेंटियम आला तो 5 व्होल्टवर चालणारा, चांगलाच गरम होणारा. त्यानंतर पंखा ही चैन राहिली नाही. पंखा बंद पडला तर प्रोसेसर जाणार, म्हणजे पंख्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, अशी निकड तयार झाली.

ते लक्ष ठेवण्याची सोय नव्वदच्या दशकाच्या मध्यात झाली. फिलिप्सने 1982 मध्ये दोन तारांवर चालणारी आयस्क्वेअरसी ही साधी बस, म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायची वाट, बनवली होती. तिच्यावर आधारलेली एसएमबस इंटेलने 1995 मध्ये मांडली. त्याच सुमारास नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम75 आणि एलएम78 या चिपा मदरबोर्डवर दिसू लागल्या. एलएम75 फक्त तापमान सांगायची, अर्ध्या अंशाच्या टप्प्याने. एलएम78 तापमानाबरोबर पंख्याचे फेरे आणि एसएमपीएसचे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचे, व्होल्टेजही मोजायची. पुढे विनबाँड आणि आयटीई या तैवानी कंपन्यांनी हेच काम स्वस्तात करून दिलं, आणि हळूहळू ते मदरबोर्डवरची किरकोळ कामं सांभाळणाऱ्या ‘सुपर आयओ’ नावाच्या चिपेत सामावलं गेलं. 2008 मध्ये विनबाँडमधून वेगळी झालेली नुव्होटॉन आणि आयटीई यांच्याच चिपा आज बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्डांवर सापडतात.

त्या काळात सेन्सर प्रोसेसरच्या आत नसायचा. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या मधल्या पोकळीत, प्रोसेसरच्या बुडाखाली एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विजेला होणारा रोध बदलणारा तुकडा, उभा केलेला असायचा, 25 अंशांना 10 किलोओहम रोध असलेला. त्याचं टोक प्रोसेसरला नीट टेकलं आहे की मध्ये हवा आहे, यावर आकडा अवलंबून. नाशिककरांना हे वेगळं समजावायला नको. हिवाळ्यात एकाच पहाटे शहराचा पारा वेगळा असतो आणि निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला त्याहून काही अंश खाली. द्राक्षबागेत शेकोटी पेटवायची की नाही हे शहरातल्या आकड्यावरून कुणी ठरवत नाही. सॉकेटखालचा थर्मिस्टर हा असा दूर बसलेला पारा होता. प्रोसेसरच्या आत काय चाललंय ते त्याला उशिरा आणि अर्धवट कळायचं.

या उशिराची किंमत 2001 मध्ये जगाने पाहिली. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून दाखवला. एएमडीचा अ‍ॅथलॉन क्षणात जळला. इंटेलचा पेंटियम 4 संथ झाला, पण चालत राहिला. पेंटियम 4 मध्ये तापमान ओळखणारं सर्किट प्रोसेसरच्या आतच होतं आणि ते स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करायचं, मदरबोर्डच्या मदतीची वाट न बघता. प्रोसेसरच्या आत बसवलेला डायोड त्याआधीच पेंटियम टू-थ्रीच्या काळात आला होता. डायोडवरचं व्होल्टेज अंशागणिक सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतं, त्यावरून तापमान काढतात. पण ते मोजायचं काम बाहेरच्या चिपेकडेच होतं, आणि त्या चिपेला आधी सांगावं लागायचं की या पिनेवर थर्मिस्टर आहे की डायोड. बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डमधल्याच प्रोग्रामने) किंवा विंडोजमधल्या प्रोग्रामने ते चुकीचं सांगितलं की आकडा सरसकट चुकणार. जुन्या मशीनवर बायोस अपडेट केल्यावर ‘तापमान अचानक वाढलं’ किंवा ‘कमी झालं’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

मदरबोर्ड कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने तारा जोडल्या आणि बाहेर कुणाला फारसं काही सांगितलं नाही. म्हणून ही माहिती जमवायचं काम हौशी लोकांनी केलं. विंडोजसाठी अलेक्झांडर व्हान काम यांचा मदरबोर्ड मॉनिटर, अल्फ्रेडो मिलानी कोम्पारेत्ती यांचा स्पीडफॅन; लिनक्ससाठी 1998 पासून एलएम-सेन्सर्स. या माणसांचे उपकार मला फार मोठे वाटतात. एकेका बोर्डाचं वायरिंग तर्काने ओळखून, वापरणाऱ्यांकडून आकडे मागवून त्यांनी हे ज्ञान उभं केलं. त्यात धोकेही होते: एलएम-सेन्सर्सने बस चाचपताना आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांमधली इइप्रॉम (कायमची माहिती साठवणारी छोटी चिप) बिघडली आणि ते लॅपटॉप सुरूच होईनासे झाले. त्यानंतर थिंकपॅडवर ही चाचपणी न करण्याची काळजी त्या प्रोग्रामात घेतली गेली.

याच तर्काच्या कामातून दोन गोंधळ उरले, जे आजही दुकानात रोज भेटतात.

पहिला व्होल्टेजचा. एलएम78 ला जेमतेम 4 व्होल्टपर्यंतच मोजता येत असे. 12 व्होल्टची लाईन मोजायची तर मध्ये दोन रोध लावून व्होल्टेज विभागावं लागतं, आणि कोणते रोध लावायचे हे बोर्ड बनवणारा ठरवतो. प्रोग्रामला ते प्रमाण माहीत नसेल तर तो 12 च्या जागी 8 किंवा 15 दाखवतो. 12 व्होल्टची लाईन खरोखर 8 वर आली असती तर मशीन हा आकडा दाखवायला चालूच राहिलं नसतं! एसएमपीएस बदलण्याआधी मल्टिमीटर लावा, पिवळी तार आणि काळी तार यांच्यात. 11.4 ते 12.6 च्या दरम्यान काटा राहिला तर एसएमपीएसची ही लाईन ठीक आहे.

दुसरा गोंधळ मोकळ्या पिनांचा. सुपर आयओ चिपेत तापमानाच्या बऱ्याच जागा असतात आणि बोर्ड कंपनी त्यांतल्या दोन-तीनच वापरते. बाकीच्या पिनांना काहीच जोडलेलं नसतं, तरी चिप तिथलं मोजमाप करतच राहते आणि प्रोग्राम ते इमानाने दाखवतो. ‘ऑक्सटिन’ (जादा तापमानाची जागा) नावाच्या ओळीपुढे 127 अंश, कधी उणे 128, कधी दर मिनिटाला उड्या मारणारा आकडा. 127 हा चिन्ह असलेल्या आठ बिटांच्या संख्येतला सगळ्यात मोठा आकडा आहे. बोर्डावर कुठे तेवढी उष्णता असती तर प्लॅस्टिकचा वास खोलीभर झाला असता. तरीही अशा एका ओळीपायी शहरातल्या एका दुकानाने ओळखीच्या विद्यार्थ्याला नवा मदरबोर्ड घ्यायला लावला. जुना बोर्ड पूर्ण धडधाकट होता, आणि नव्या बोर्डावरही त्या ओळीपुढे 127 च आलं. मुलाच्या वडिलांनी ते पैसे कसे उभे केले हे मला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मनाला लागते. ती ओळ प्रोग्राममध्ये लपवून ठेवणं, एवढाच त्यावरचा उपाय.

2006 मध्ये इंटेलच्या कोअर प्रोसेसरांबरोबर मोजमाप पूर्णपणे प्रोसेसरच्या आत गेलं. प्रत्येक कोअरला स्वतःचा डिजिटल सेन्सर मिळाला. पण त्यात एक मेख होती: हा सेन्सर तापमान सांगत नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. सेन्सरने 60 सांगितलं आणि मर्यादा 100 असेल तर तापमान 40. मर्यादा 85 धरली तर 25. डेस्कटॉपच्या कोअर टू प्रोसेसरांसाठी ही मर्यादा इंटेलने सुरुवातीला उघड केली नव्हती. त्यामुळे एकाच मशीनवर एक प्रोग्राम एक सांगायचा, दुसरा पंधरा अंश कमी. 2008 मध्ये इंटेलने काही प्रोसेसरांचे आकडे जाहीर केले, आणि त्याच वर्षअखेरीस आलेल्या कोअर आय7 पासून मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता येऊ लागली. शिवाय हे सेन्सर मर्यादेजवळ अचूक राहावेत असेच घडवलेले होते. थंड असताना त्यांची चूक वाढते. 45 नॅनोमीटर तंत्राने बनवलेल्या काही प्रोसेसरांत तर ठरावीक आकड्याच्या खाली ते अडकूनच बसायचे. जुनी कोअर टू मशीनं अजून कुठे कुठे सेकंडहँड म्हणून चालतात. खोली 34 अंशांची आणि प्रोसेसर 27 चा, असं तिथे दिसलं तर कूलरचं कौतुक करू नका. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही.

एएमडीने वेगळीच वाट धरली. 2017 च्या रायझनमध्ये 1700एक्स आणि 1800एक्स हे प्रोसेसर खऱ्या तापमानात 20 अंश मिळवून सांगत, कारण सगळ्या मॉडेलांवर पंख्याचं नियंत्रण एकसारखं चालावं अशी कंपनीची इच्छा होती. 38 अंशांचा प्रोसेसर 58 दाखवायचा. कंपनीने हे जाहीर केलं, नव्या प्रोग्रामांनी ती भर वजा करायला सुरुवात केली. पण जुना प्रोग्राम टाकून बसलेल्या माणसाला तो आकडा आजही भीती घालतो. पुढे 2022 मध्ये रायझन 7000 आला तो पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेला. त्यावर 95 बघून पेस्ट बदलत बसण्यात अर्थ नाही.

नाशिकपुरतं एक गणित मात्र लक्षात ठेवावं. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच प्रोसेसरचंही वाढतं. डिसेंबरात 18 अंशांच्या खोलीत 62 वर चालणारं मशीन मे महिन्यात 37 अंशांच्या खोलीत ऐंशीच्या घरात जाणारच. त्यात बिघाड काही नाही. पण त्याच मोसमात, त्याच कामाला आकडा महिनाभरात दहा-बारा अंशांनी चढला, तर ब्लोअर मारायची वेळ आली आहे. सध्या सिंहस्थाच्या तोंडावर रस्त्यांची कामं निघाली आहेत आणि रस्त्याकाठच्या ऑफिसांतल्या हीटसिंकांत धुळीचा थर लवकर बसतो.

अलीकडची भर 2025 ची. विंडोजवर हे आकडे वाचायला प्रोग्रामला हार्डवेअरपर्यंत पोचणारा ड्रायव्हर लागतो. पुष्कळ मोफत प्रोग्रामांनी विनरिंगझिरो हा जुना ड्रायव्हर घेतला होता. त्यातली सुरक्षेची त्रुटी 2020 मध्येच नोंदली गेली होती. मार्च 2025 पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्याला धोकादायक म्हणून अडवू लागला. कालपर्यंत दिसणारं तापमान आणि पंख्याचे फेरे आज एकदम गायब झाले, तर सेन्सर मेला असं समजू नका. मशीन रीस्टार्ट करून बायोसमधलं हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा. तिथे आकडे दिसत असतील तर हार्डवेअर शाबूत आहे, आणि डिफेंडर बंद करण्याऐवजी त्या प्रोग्रामची नवा ड्रायव्हर वापरणारी आवृत्ती शोधा.