थायलेरिया : जनावरांच्या पांढऱ्या पेशींवरील परिणाम

थायलेरिया हा गोचिडांमार्फत गुरे, म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि घोडे यांच्यात पसरणारा एकपेशीय परजीवी होय. तो तांबड्या पेशींत दिसतो म्हणून रक्तातला परजीवी म्हणवतो. पण त्याच्या घातक प्रजातींचा खरा उपद्रव पांढऱ्या पेशींत चालतो.

गोचिडाच्या लाळेतून आलेला परजीवी पांढऱ्या पेशीत शिरून बहुकेंद्रकी शायझोंट (परजीवीची वाढती अवस्था) बनतो. पेशी दुभंगताना तो तिच्या तर्कूला (गुणसूत्रे वाटणाऱ्या तंतूंच्या रचनेला) चिकटतो आणि स्वतःही दोन्ही नव्या पेशींत वाटला जातो. पेशीला जगवत ठेवणारा एनएफ-कॅपा-बी हा संकेतमार्ग तो सतत चालू ठेवतो. परिणामी रोगाशी लढायची पेशीच कर्कपेशीसारखी वाढत सुटते, लसीका ग्रंथी सुजतात, जोराचा ताप चढतो. खांद्यापुढच्या सुजलेल्या ग्रंथीतून सुईने काढलेला द्रव गिम्सा रंगाने रंगवला, तर पांढऱ्या पेशींत निळसर पुंजके आणि त्यांत जांभळे ठिपके दिसतात. हेच ‘कॉखचे पिंड’. विशेष म्हणजे हा बदल कायमचा नसतो. बुपारव्हाक्वोन या औषधाने परजीवी मेला की पेशीची बेफाम वाढही थांबते. कर्करोगाच्या अभ्यासकांना थायलेरियाचे कुतूहल वाटते ते यामुळेच.

कोणती पेशी बळी पडते, हे प्रजातीवर ठरते. आफ्रिकेत ‘ईस्ट कोस्ट फीवर’ घडवणारा थायलेरिया पार्वा मुख्यतः टी-लसीकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) गाठतो. उत्तर आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आशियात आढळणारा थायलेरिया ॲन्युलाटा मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) व बी-लसीकापेशींत वाढतो. शेळ्या-मेंढ्यांत हेच काम थायलेरिया लेस्टोक्वार्डी करतो.

यजमानही तितकाच महत्त्वाचा. आफ्रिकी रानम्हशीत पार्वा बहुधा लक्षणांशिवाय नांदतो. तोच गाईत गेला की जनावर दगावू शकते. ॲन्युलाटाच्या प्रयोगांत साहिवाल जातीची गुरे होल्स्टीन या परदेशी जातीपेक्षा सौम्य आजारी पडून सावरली. त्यांच्या बाधित मॅक्रोफेजमधील जनुकांचे कार्यही वेगळे आढळले. म्हणजे रोगाची तीव्रता निव्वळ परजीवींच्या संख्येवर मोजणे अपुरे ठरते. जनावराच्या पेशी किती दाहक प्रतिसाद देतात, हेही पाहावे लागते.

थायलेरिया ओरिएंटॅलिस मात्र पांढऱ्या पेशींना अशी बेफाम वाढ देत नाही. त्याच्यामुळे गुरांत प्रामुख्याने रक्तक्षय होतो. घोड्यांतील थायलेरिया इक्वाय लसीकापेशींत थोडाच काळ राहून तांबड्या पेशींकडे वळतो आणि बरा झालेला घोडा पुष्कळदा दीर्घकाळ वाहक राहतो.