सॅटेलाइट नेट स्लो झालं म्हणून डेटा वाढवताय? आधी हा फरक समजून घ्या

नागपूर जिल्ह्यात रामटेक, पारशिवनी, भिवापूरकडे ज्यांच्या शेतावर, पेट्रोल पंपावर नाहीतर सेवा केंद्राच्या छतावर सॅटेलाइट नेटची डिश लागलीय त्यातले बहुतेक लोक एकच गोष्ट बोलतात, "नेट स्लो चालून राहिलं भाऊ, डेटा वाढवून घेतो." आणि घेतात पण. पैसे जातात, व्हिडिओ कॉल मात्र होता तसाच अडखळत राहतो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता वीट आला, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो: डेटाची लिमिट संपणं वेगळं आणि सिग्नलला यायला-जायला लागणारा वेळ वेगळा.

डेटा लिमिट काय असते ते सांगत बसत नाही, दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकमुळे ते सगळ्यांनाच पाठ आहे. सॅटेलाइटमध्ये हिशोब बहुतेक महिन्याचा असतो आणि कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये नेट बंद पडत नाही, स्पीड एकदम खाली आणून ठेवतात. १० एमबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट, आणि आठ बिटचा एक बाइट) कनेक्शन फुल चाललं तर तासाला साडेचार जीबी जाते, म्हणजे ५० जीबीचा कोटा अकरा तासांत साफ. लिमिट काहून ठेवतात? कारण उपग्रहाची क्षमताच मोजकी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटवरून गेलेला आपला जीसॅट-एन२ उपग्रह घ्या, त्याची सगळी मिळून क्षमता ४८ जीबीपीएस, म्हणजे ४८,००० एमबीपीएस. एकाच वेळी प्रत्येकाला पूर्ण १० एमबीपीएस द्यायचं म्हटलं तर ४,८०० कनेक्शनमध्ये खेळ खलास, आणि हा तर अख्ख्या देशासाठी आहे.

आता दुसरी गोष्ट, जिथे सगळे फसतात. लेटन्सी, म्हणजे इकडून पाठवलेल्याचं उत्तर यायला लागणारा वेळ, ज्याला गेम खेळणारी पोरं पिंग म्हणतात. जीसॅटसारखा उपग्रह विषुववृत्तावर जवळपास ३६,००० किमी उंचीवर एका जागी थांबल्यासारखा असतो, म्हणून तर आपल्याकडे डिशचं तोंड दक्षिणेला असते. तुम्ही काही क्लिक केलं की सिग्नल वर जाणार, खाली कंपनीच्या स्टेशनवर येणार, उत्तर परत वर जाणार आणि मग तुमच्या छतावर उतरणार. चार टप्पे मिळून १,४४,००० किमी. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किमीने गेलं तरी अर्धा सेकंद तिथेच गेला, आणि मधली यंत्रं धरून प्रत्यक्षात ६०० मिलीसेकंदच्या वरच लागते. हा वेळ कोणताच रिचार्ज कमी करू शकत नाही. काटोलहून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्री आणायला छोट्या टेम्पोच्या जागी दहाचाकी ट्रक लावला तर माल जास्त येईल, रस्ता तेवढाच राहील.

म्हणूनच यूट्यूब मस्त चालते आणि व्हिडिओ कॉल रडतो. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवते, त्याला अर्ध्या सेकंदाचं काही वाटत नाही, पण कॉलमध्ये समोरच्याचं बोलणं आधी भरून ठेवताच येत नाही, मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. सातबाऱ्याची साइट उघडताना पण तेच, पान दिसायच्या आधीच कनेक्शन जुळवायला तीन-चार फेऱ्या होतात, दोन-अडीच सेकंद नुसते त्यात जातात, आणि लोक वैतागून सबमिट दोनदा दाबतात. कृपा करून एकदाच दाबा.

ओळखायचं कसं? बाकी सगळे मोबाईल, टीव्ही वायफायवरून काढा आणि कॉम्प्युटरवर फक्त पिंग मारा (कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि एखाद्या साइटचं नाव लिहा). महिन्याच्या एक तारखेला, कोटा पूर्ण शिल्लक असताना पण ६००-७०० मिलीसेकंद दिसत असेल तर तो अंतराचा वेळ आहे, डेटा घेऊ नका. पिंग नेहमीसारखाच आहे पण महिनाअखेरीला डाउनलोड एका आकड्यावर अडकून बसते, तर लिमिट संपली. फक्त संध्याकाळीच रखडत असेल तर गर्दी, काळे ढग दाटल्यावर जात असेल तर पाऊस, ते आपोआप ठीक होते. आणि दिवसभर स्पीड टेस्ट मारायची सवय आधी सोडा, प्रत्येक टेस्ट तुमच्याच कोट्यातून डेटा खाते. चांगल्या स्पीडवर एकेक टेस्ट शंभर एमबीच्या वर जाऊ शकते.

स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्सची सॅटेलाइट नेट सेवा, तिच्याबद्दल पण हाच गोंधळ चालू आहे. जून २०२५ मध्ये त्यांना भारतात लायसन्स मिळालं तेव्हापासून ऐकतोय की ते आलं की लिमिटची कटकट संपणार. त्यांचे उपग्रह साधारण ५५० किमीवर फिरतात म्हणून लेटन्सी खरंच खूप कमी असते, कॉल नीट होतात. लिमिट मात्र उंचीवर ठरत नाही, प्लॅनवर ठरते. घेताना कागद वाचा, कोटा किती आणि संपल्यावर स्पीड किती हे दोन आकडे डीलरकडून लिहूनच घ्या.

अंतरवाल्या त्रासावर माझं ठाम मत आहे, अशा कनेक्शनवर व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. व्हॉइस मेसेज पाठवा, पोरांना लाइव्ह क्लासऐवजी रेकॉर्ड केलेलं लेक्चर ३६० पिक्सेलवर लावून द्या, ओटीपीचं काम असेल आणि मोबाईलला जरा जरी टॉवर असेल तर ते मोबाईलवरच करा.

लिमिटवाल्या त्रासात डेटा विकत घ्यायच्या आधी चोर शोधा. विंडोजमध्ये कनेक्शन मीटर्ड करा (म्हणजे कॉम्प्युटर मागच्या मागे डेटा कमी खातो), मोबाईलचं ऑटो अपडेट आणि व्हॉट्सॅपचं ऑटो डाउनलोड बंद करा. पण सगळ्यात मोठा चोर म्हणजे शेतावरचा सीसीटीव्ही. एक कॅमेरा नुसता १ एमबीपीएसने चोवीस तास क्लाउडवर चढत राहिला तरी दिवसाला जवळपास ११ जीबी जातात, ५० जीबीचा कोटा पाचव्या दिवशीच संपतो आणि घरचे आपसात भांडतात की सिनेमा कोणी पाहिला. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका, रेकॉर्डिंग तिथेच होऊ द्या, आणि मोबाईलवर फक्त कोणी हलल्याचा अलर्ट येईल असं सेटिंग करून घ्या.